चंद्रावरचे डोंगर आणि चित्रकलेची वही

अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना एकदा एका वहीपाशी माझा हात थांबला. प्रयोग नेहमीचाच होता, स्फेरोमीटरने भिंगाची वक्रता काढण्याचा. आकृती मात्र नेहमीची नव्हती. बहुतेक मुले तीन काड्या आणि एक चकती काढून मोकळी होतात. या मुलीने स्फेरोमीटरचे तीन पाय, मधला स्क्रू, चकतीच्या कडेवरचे भाग आणि खालच्या काचेत दिसणारे पायांचे अंधूक प्रतिबिंब असे सगळे पेन्सिलीने उतरवले होते. स्क्रूचे टोक काचेला टेकले आहे की किंचित वर आहे, हेसुद्धा त्या चित्रावरून सांगता आले असते. मी कौतुकाने पान उलटले, तर निरीक्षणांच्या कोष्टकात सहापैकी दोनच ओळी भरलेल्या!

पुढे काही दिवसांनी तिचे वडील भेटायला आले. "सर, एलिमेंटरी झाली, इंटरमीजिएट झाली, आता पुरे की नाही? सायन्सला घातलंय आणि ही रात्री अकरापर्यंत चित्रं काढत बसते. तुम्हीच एकदा सांगा तिला." कोष्टकातल्या त्या चार रिकाम्या ओळी मला आठवत होत्या, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मला म्हणता येईना. पण 'चित्रे बंद कर' असे त्या मुलीला सांगायलाही जीभ रेटेना. मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली. आज जे लिहितो आहे, ते खरे तर त्यांना तेव्हाच सांगायला हवे होते.

१५८१ साली इटलीतील पिसा गावच्या विद्यापीठात सतरा वर्षांच्या एका मुलाचे नाव वैद्यकाच्या अभ्यासासाठी घालण्यात आले. वडील संगीतज्ञ होते. संगीतात पोट भरण्याची मारामार असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते, म्हणून मुलाने वैद्य व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलाचे मन मात्र वैद्यकात रमेना. त्याला गणिताची गोडी लागली आणि चित्रकलेची आवड तर आधीपासूनच होती. व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले असते तर मी चित्रकारच झालो असतो, असे तो पुढे मित्रांना सांगत असे. त्याचा शेवटचा शिष्य आणि चरित्रकार व्हिव्हियानी याने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. हा मुलगा म्हणजे गॅलिलिओ गॅलिली. १५८५ साली तो पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला.

त्याला गणित शिकवणारे गुरू ओस्टिलिओ रिची हे पुढे फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीतही गणित शिकवीत. चित्रकारांना गणित कशाला, असे तुम्हाला वाटेल. त्या काळच्या इटलीत चित्रकाराने भूमितीचा अभ्यास करणे ही साधी गोष्ट होती. आगगाडीचे रूळ दूर जाताना एकमेकांजवळ येतात असे जे आपल्याला दिसते, ते कागदावर नेमके कसे उतरवायचे याचे शास्त्र, म्हणजे यथार्थदर्शन, हे भूमितीचेच एक अंग आहे. एका बाजूने उजेड आला असता गोलावर, खांबावर, खडबडीत वस्तूवर सावल्या कशा पडतील, याचे धडे देणारी पुस्तकेही छापली जात होती. लोरेन्झो सिरिगात्ती याच्या १५९६ सालच्या अशा एका पुस्तकात पृष्ठभागावर टोके उगवलेल्या गोलाचे चित्र आहे. टोकदार गोल काढायला शिकून काय मिळवायचे, असे कोणीही विचारावे. त्याचे उत्तर तेरा वर्षांनी मिळाले.

त्याआधी आपण क्षणभर इंग्लंडात जाऊ. टॉमस हॅरियट हा तेथील पहिल्या प्रतीचा गणिती होता. ५ ऑगस्ट १६०९ या दिवशी (इंग्लंडातील तेव्हाच्या जुन्या कालगणनेप्रमाणे २६ जुलै) त्याने आपली सहापट मोठे दाखवणारी दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि जे दिसले त्याचे चित्र काढले. दुर्बिणीतून पाहून काढलेले चंद्राचे जे सर्वांत जुने चित्र आज उपलब्ध आहे, ते हेच. गॅलिलिओच्या कित्येक महिने आधीचे! त्या चित्रात चंद्राची कोर आहे, उजेड आणि अंधार यांच्या मधली सीमा वेडीवाकडी काढलेली आहे आणि आत काही डाग आहेत. बस. डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत. सीमारेषा वाकडी दिसते आहे हे हॅरियटने इमानाने टिपले, पण ती वाकडी का, याचा उलगडा त्याला झाला नाही. त्याच्या एका मित्राने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याला कळवले की हा तर माझ्या स्वयंपाक्याने गेल्या आठवड्यात केलेल्या गोड टार्टसारखा दिसतो, इकडे काही उजळ, तिकडे काही काळे, सगळा गोंधळ!

या विद्वानांना हसू नका. चंद्र हा स्वर्गीय गोल, तो काचेसारखा गुळगुळीत आणि निर्दोष असलाच पाहिजे, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षे चालत आली होती. गुळगुळीत गोलावरचे डाग म्हणजे रंगातला फरक, असेच कोणालाही वाटणार.

आता गॅलिलिओकडे परत येऊ. १६०९ साली तो पादुआ येथे गणिताचा प्राध्यापक होता. दुर्बिणीचा शोध लागल्याचे ऐकून त्याने स्वतःच भिंगे घासून वर्षअखेरपर्यंत वीसपट मोठे दाखवणारी दुर्बीण तयार केली. ३० नोव्हेंबर १६०९ पासून तो चंद्र पाहू लागला आणि पाण्यात पातळ केलेल्या तपकिरी शाईने कुंचल्याने त्याची चित्रे काढू लागला. ही मूळ चित्रे फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. शाईचा हलका हात कोठे द्यायचा, गडद कोठे करायचे आणि कागद कोरा कोठे सोडायचा, हे ज्याचा हात आधी तयार झाला आहे अशा माणसाची ती चित्रे आहेत.

त्याला दिसले ते असे. उजेड-अंधाराच्या सीमेजवळ अनेक लहान काळे डाग होते आणि त्या सर्व डागांची काळी बाजू सूर्याकडे होती, तर सूर्याच्या विरुद्ध बाजूची कड चकाकत होती. याचा अर्थ काय? घरी एक प्रयोग करून पाहा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक वाटी सरळ आणि एक उपडी ठेवा. एका बाजूने, वाटीच्या काठापेक्षा किंचित वरून, विजेरीचा तिरपा झोत टाका. उपड्या वाटीची विजेरीकडची बाजू उजळेल आणि पलीकडे सावली पडेल. सरळ वाटीत याच्या उलट होईल. विजेरीच्या जवळची आतली बाजू काळी राहील आणि समोरची आतली बाजू उजळेल. सकाळी सूर्य उगवताना दरीचेही असेच होते. तेव्हा सूर्याच्या बाजूला काळा आणि पलीकडे उजळ असा डाग दिसला, की तेथे खळगा आहे हे ओळखावे. तो रंगाचा डाग असता, तर त्याला अशा दोन बाजू असण्याचे कारणच नव्हते.

दुसरी खूण याहून सुंदर आहे. सीमेच्या पलीकडे, पूर्ण अंधाऱ्या भागात, गॅलिलिओला प्रकाशाचे सुटे ठिपके दिसले. तास-दोन तासांनी पाहावे तर ते मोठे झालेले आणि शेवटी उजळ भागाला जाऊन मिळालेले. सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्यांनी पहाट पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गावात अजून अंधार असतो आणि वर शिखरावर मात्र ऊन आलेले असते. हे ठिपके म्हणजे डोंगरमाथे होते.

सॅम्युअल एजर्टन या कलेच्या इतिहासकाराने १९८४ साली असे मांडले, की गॅलिलिओला हा अर्थ चटकन लागला याचे एक कारण त्याचे चित्रकलेचे शिक्षण. सपाट कागदावर छायाप्रकाशाने उंचवटा कसा भासवायचा हे जो शिकला, त्याला दुर्बिणीतल्या सपाट चकतीवरील छायाप्रकाश पाहून उंचवटा ओळखता आला. मला हे पटते, पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. हॅरियटची दुर्बीण सहापट होती, गॅलिलिओची वीसपट. उपकरणाचा वाटा त्यात मोठा आहेच. तरीही एक पुरावा विचार करायला लावतो. १६१० साली गॅलिलिओचे पुस्तक हाती पडल्यानंतर हॅरियटने पुन्हा चंद्राची चित्रे काढली आणि त्यांत मात्र खळगे आहेत! काय पाहायचे हे कळल्यावर ते त्यालाही दिसू लागले.

ते पुस्तक मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे छापले गेले. त्यातील चंद्राच्या चित्रांविषयी आणखी एक गंमत सांगतो. एका चित्रात सीमारेषेवर एक भला मोठा गोल खळगा आहे. तेवढा मोठा खळगा त्या जागी चंद्रावर नाही. खळग्यात सावली कशी सरकते हे वाचकाला नीट कळावे म्हणून त्याने तो मुद्दाम मोठा काढला असावा. तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील पेशीची आकृती अशीच असते. जे समजावून द्यायचे, ते ठळक काढायचे.

सर्वांना हे पटले असे मात्र नाही. रोममधील वयोवृद्ध गणिती क्लाव्हियस म्हणत राहिले की चंद्र गुळगुळीतच आहे, त्याचे काही भाग दाट आणि काही विरळ असल्यामुळे डाग दिसतात. गॅलिलिओचा जुना मित्र, चित्रकार चिगोली, याने १६११ साली त्याला पाठवलेल्या पत्रात याविषयी लिहिले आहे. त्याचा आशय असा, की गणिती कितीही थोर असला तरी त्याला रेखाटन येत नसेल तर तो अर्धाच गणिती, नव्हे, डोळे नसलेला माणूस. मित्राच्या बाजूने बोलताना त्याने जरा अधिकच जोर लावला आहे हे उघड आहे. पण चिगोली नुसता बोलून थांबला नाही. रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमधील एका घुमटात त्याने १६१२ साली मेरीचे चित्र पूर्ण केले. परंपरेप्रमाणे तिच्या पायाखाली चंद्र दाखवायचा असतो. त्याने दाखवला तो दुर्बिणीतला, खळग्याखळग्यांचा चंद्र!

आता ते रिकामे कोष्टक. डोंगर आहेत एवढे सांगून गॅलिलिओ थांबला असता, तर त्याला विरोध करणे सोपे गेले असते. त्याने डोंगरांची उंची काढली, आणि तीसुद्धा नववी-दहावीच्या मुलाला येईल अशा गणिताने. उजळलेली काही शिखरे सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतकी दूर दिसतात, असा त्याचा अंदाज होता. चंद्राचा व्यास त्याने २००० इटालियन मैल धरला, म्हणून हे अंतर १०० मैल. सूर्यकिरण सीमारेषेपाशी चंद्राला फक्त स्पर्श करतो आणि सरळ पुढे जाऊन शिखराला लागतो. चंद्राचा केंद्रबिंदू, स्पर्शबिंदू आणि शिखर यांचा काटकोन त्रिकोण होतो, कारण स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. एक बाजू म्हणजे त्रिज्या, १००० मैल. दुसरी बाजू १०० मैल. पायथागोरसच्या नियमाने कर्णाचा वर्ग १०,००,००० अधिक १०,०००, म्हणजे १०,१०,०००. त्याचे वर्गमूळ १००४ पेक्षा जास्त येते. त्यातून त्रिज्येचे १००० वजा केले, की डोंगराची उंची ४ मैलांहून अधिक!

चंद्राचा खरा व्यास ३४७४ किलोमीटर आहे. तो घालून हेच गणित केले तर उंची सुमारे ८.७ किलोमीटर येते. आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर एपेनाइन्स नावाची पर्वतरांग आहे. तिच्यातील मॉन्स हायगेन्स हे शिखर पायथ्यापासून सुमारे साडेपाच किलोमीटर उंच आहे. म्हणजे विसावा भाग हा गॅलिलिओचा अंदाज सैलच होता. पण पादुआतील घरात बसून, कोणी तेथे पाऊल ठेवण्याच्या ३६० वर्षे आधी काढलेले ते उत्तर आहे! डोंगर ओळखायला चित्रकाराची नजर कामी आली, पण उंची काढायला कोष्टकच भरावे लागले. माझ्या विद्यार्थिनीला मला सांगायचे होते ते हेच, आणि तिच्या वडिलांनाही.

दुसरे उदाहरण अगदी थोडक्यात देतो, खरे तर त्यावर वेगळा लेख व्हावा. स्पेनमध्ये १८५२ साली जन्मलेल्या सांतियागो रामोन इ काहाल याला लहानपणी चित्रे काढण्याचे वेडच होते. वडील शल्यचिकित्सक, स्वभावाने करडे. गावच्या चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या एका रंगाऱ्याला त्यांनी पोराचे चित्र दाखवले. रंगाऱ्याने ते टाकाऊ ठरवले आणि घरात चित्रकलेचा विषय संपला. पोराला न्हाव्याच्या आणि चांभाराच्या हाताखालीही ठेवून झाले. शेवटी वडिलांनी त्याला शरीररचना शिकवायला घेतली, तीही जुन्या स्मशानातून हाडे गोळा करून आणून. हाडे समोर आली आणि मुलाने ती काढायला घेतली. काढता काढता त्याला त्यांत गोडी वाटू लागली. ज्या छंदाला घरातून हाकलले, तोच वैद्यकाच्या अभ्यासाचा हात धरून परत आला!

इटालियन शास्त्रज्ञ गोल्जी याने १८७३ साली मेंदूच्या ऊतींना काळा रंग देण्याची एक रीत शोधली होती. तिने शेकडो पेशींपैकी थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या फांद्याफांद्यांसह पूर्ण दिसतात. काहालने ही रीत १८८७ मध्ये पाहिली, तिच्यात सुधारणा केली आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसून चित्रांमागून चित्रे काढली. त्याची सुमारे २९०० चित्रे आजही शिल्लक आहेत. सर्व चेतातंतू एकमेकांना जोडून त्यांचे एक अखंड जाळे बनलेले असते, असे गोल्जी मानत असे. काहालने फांदीच्या टोकापर्यंत पेन्सिल नेली तेव्हा त्याला दिसले की फांदी दुसऱ्या पेशीजवळ येते, पण तिच्यात मिसळत नाही. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, असे त्याने १८८८ पासून मांडले. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले आणि गोल्जीने आपल्या भाषणात जाळ्याचीच बाजू मांडली! दोन पेशींमधली फट १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष दिसली. रेषा कोठे संपते हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला टाळता येत नाही. नुसते पाहणाऱ्याला येतो.

चित्रकला येते म्हणून माणूस चुकत नाही, असे मात्र समजू नका. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल याने मंगळावर सरळ रेषांचे जाळे पाहिले, ते चित्रांत काढले आणि हे बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे आहेत असे पुस्तकांतून सांगितले. १९०९ साली अँतोनियादी याने फ्रान्समधील म्यूदों येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तेव्हा त्या रेषांच्या जागी त्याला सुटे, वेडेवाकडे ठिपके आणि पट्टे दिसले. अँतोनियादीही हाताचा उत्तम चित्रकार होता आणि त्याने जसे दिसले तसे काढले. डोळ्यासमोर जे नाही ते मनातून कागदावर उतरते, हा धोका पेन्सिल हाती घेणाऱ्या प्रत्येकाला आहे. म्हणून चित्र काढताना जी रेषा नक्की दिसली नाही ती काढू नये, किंवा तुटक काढावी.

आता तुम्ही करून पाहा. शुक्ल पंचमी ते दशमी हे दिवस चांगले. पौर्णिमेला ऊन समोरून पडते, सावल्या दिसत नाहीत, म्हणून पौर्णिमा टाळा. सात किंवा आठपट मोठे दाखवणारी साधी द्विनेत्री असली तरी पुरे. तिची ताकद हॅरियटच्या दुर्बिणीहून थोडी जास्तच असते. हात थरथरतो, तेव्हा कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. कागदावर आधीच १० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून ठेवा. मऊ पेन्सिल घ्या, ४बी किंवा ६बी. प्रथम उजेड-अंधाराची सीमा काढा, मग मोठे काळे डाग, आणि सर्वांत शेवटी सीमेजवळचे बारीक तपशील. तारीख, तिथी आणि वेळ चित्राच्या खालीच लिहा, कारण दोन तासांनी दुसरे चित्र काढून दोन्ही शेजारी ठेवायची आहेत.

अष्टमी-नवमीला सीमारेषा एपेनाइन्स रांगेच्या आसपास असते. साडेपाच किलोमीटर उंच शिखर सीमेपासून किती दूर असताना उजळेल, याचे गणित वरच्याच त्रिकोणावरून उलट करून पाहा. उत्तर सुमारे १३८ किलोमीटर येईल, म्हणजे चंद्राच्या व्यासाचा पंचविसावा भाग. तुमच्या वर्तुळात हे अंतर चार मिलिमीटर होते. तेव्हा अंधारी बाजू पेन्सिलीने भरताना सीमेलगतची तेवढी पट्टी शेवटपर्यंत कोरी ठेवा.